दान टाकल्याशिवाय

मित्रांनो, मी एक जुना चिंचोका आहे, आणि तोही अर्धाच. इनामगावच्या चिंचेखालून चांगुणाबाईंच्या ओच्यात बसून मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आलो. पटाच्या खेळात दान टाकायला त्यांनी माझे दोन भाग केले. माझी पाठ तपकिरी, पोट पांढरे. माझ्यावरून बायका किती भांडल्या म्हणून सांगू!

सत्त्याहत्तर साली मात्र भलतेच काम माझ्या वाट्याला आले. चांगुणाबाईंची भाची अंजना पुण्यात संशोधन करी. आपल्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा पातळ पडदा असतो. रेणूंच्या शेपट्या ताठ राहिल्या तर तो कडक, वाकल्या तर मऊ. हे ती कॉम्प्युटरवर पाहत होती. ऊब वाढली की शेपट्या वाकायला हव्यात. पण गणितात कितीही ऊब धरली तरी त्या ताठच! "मशीनवर ही शेवटची पाळी. नाही जमलं तर विषय सोडा," तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले होते. त्या दिवशी ती मावशीकडे होती; पुण्याची गाडी यायची वेळ होत आली, तरी चूक सापडेना. पोरीचा चेहरा पाहवत नव्हता.

शेवटी तिने अंगणात काड्यांच्या शेपट्या मांडल्या. मशीनला हुकूम देणारी भोकांची कार्डे ती क्रमाने वाचू लागली. वाकायला शेपटीला ऊब खर्चावी लागे, म्हणजे जड जाई; म्हणून वाकायचे की नाही ते मशीन दानावर सोडी. इथे शेपटी वाकायची वेळ आली की मावशीने दान टाकायचे. मी पांढरा पडलो तर काडी वाकवायची.

"ही वाकतेय. जड आहे, सोड. पुढची. हीपण जड, सोड. तिसरी, सोड. चौथीही सोड."

मी मावशीच्या मुठीत घामाने भिजलो.

"अंजे, कवाची मूठ आवळून बसलीया मी! दान कवा टाकायचं?"

"वाकायची शेपटी आली की."

"आल्या की चार! मी दान टाकायच्या आधीच तू न्हाई म्हंतीस."

अंजनाने कार्डे पुन्हा चाळली. मग तिने गठ्ठ्यातून एक कार्ड उपसले. दानाचे कार्ड येण्याआधीच ते प्रत्येक वाकणारी शेपटी परत ताठ करत होते.

"मावशी, हे काढून चुकलं तर?"

"तर घरी ये. पर दान टाक."

तिने मला रुमालात बांधले आणि स्टेशनकडे धाव घेतली.

पुण्यात मशीनने कार्डे गिळली. छपाई खडखडू लागली, तशी तिची मूठ माझ्यावर घट्ट होत गेली. कागद बाहेर आला. शेपट्या वाकल्या होत्या! सरांनी तो बराच वेळ पाहिला. "थांबू नका. पुढचं करा," एवढेच म्हणाले. अंजनाला रडू फुटले.

आता मशीनच दाने टाकते. मी अंजनाच्या टेबलाच्या खणात पडून असतो, कुणी विचारत नाही, वाईट वाटते. पण मित्रांनो, एक मागणे आहे. एखाद्याला जड जाईल असे वाटले, तरी त्याला दान टाकल्याशिवाय नाही म्हणू नका. चिंचोका हवा असेल तर मी आहेच. अजून झिजलेलो नाही.