गुंडीचं नवं स्टेशन

भावजी फाटकातून आत आले, की हातातलं काम टाकून ती आधी लेकीला, गुंडीला, कडेवर घ्यायची.

कारणही तसंच होतं. हा थोरला दीर टायरच्या दुकानात कामाला होता आणि हात चालवण्यात पटाईत. रांग मोडून पुढे घुसलेल्या एका गिऱ्हाइकाचा त्यांनी टायर काढायच्या पहारीनं जबडा फोडला होता. वर त्याला म्हणाले होते, "दात वेचून ने, दुकानात कचरा नको." गल्लीत त्यांना सगळे 'हातोडा' म्हणत, अर्थात पाठीमागे. डाव्या तळहातावर भाजल्याचा जुना डाग होता, गुलाबी, गुळगुळीत. लहानपणी चालू इंजिनाला हात लावला म्हणून भाजलं, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत असत. आगाऊ पोर, दुसरं काय!

आप्पांपाशी मात्र ती निर्धास्त असायची. सासरे आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. आवाज कधी चढलेला तिनं ऐकला नव्हता. घरामागच्या बागेत त्यांची रेल्वे होती. लिंबाच्या झाडाला वळसा, गुलाबांच्या वाफ्यातून चढ, सिमेंटच्या पाइपाचा बोगदा, नळाजवळ पूल. इंजिन त्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं, मांजरीएवढं, खऱ्या वाफेवर चालणारं. खाली स्पिरिटचा दिवा, वर पितळी बॉयलर. पाणी उकळलं की ते असं काही धापा टाकायचं, की गुंडी टाळ्या पिटत उड्या मारायची.

"गार्डसाहेब, सिग्नल?" आप्पा विचारायचे.

"पडला!"

"प्रवासी?"

"बसले! एक झुरळ पण बसलंय."

"फुकट्या असेल, उतरवा त्याला. आपली गाडी प्रवाशाला मागे ठेवत नाही, पण तिकीट हवं."

मग गुंडी गाल फुगवून शिट्टी मारायची आणि गाडी निघायची. धुणं वाळत घालताना गुंडीची आई ते बघत राहायची आणि मनात म्हणायची, पोरगी नशिबाची आहे. नवरा मात्र बागेत पाऊल टाकत नसे. "मला गवताची ॲलर्जी आहे," म्हणत स्वयंपाकघराच्या दारातूनच हात हलवायचा.

त्या दिवशी नवरा कामावर होता. ती दोरीवर चादर पसरत होती. इंजिनानं वाफ धरली, शिट्टी झाली, गाडी सुटली. गुंडीनं सकाळीच एक नवं स्टेशन बांधलं होतं आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं. वळणापलीकडे, गुलाबांच्या आड साबणाची पेटी आणि तिच्यापुढे गाडीची वाट बघत उभी असलेली तिची मोज्यांची बाहुली. ती बाहुली आईनं बाळंतपणानंतरच्या जागरणांत शिवलेली. गाडी प्रवाशाला मागे ठेवत नाही, म्हणजे थांबणारच, असा गुंडीचा हिशोब. फक्त बाहुली रुळाला खेटून उभी होती.

इंजिन वळणावर आलं, बाहुलीचा पाय चाकाच्या दांड्यात ओढला गेला आणि इंजिन आडवं झालं. डबे एकावर एक चढले. स्पिरिट सांडलं, गवतावर निळी ज्योत पळाली, बाहुली पेटली. गुंडी किंचाळली.

आप्पांनी पोतं टाकून आग विझवली. पकडीनं इंजिन उभं केलं. बॉयलरला पोचा आला होता. त्यावरून त्यांनी नजर फिरवली. मग शांतपणे वळून गुंडीचं मनगट धरलं.

"ये इकडे. तुला एक गंमत शिकवतो."

आप्पा समजूत काढताहेत, असंच आईला वाटलं. मग दिसलं, की त्यांनी पोरीची मूठ बोटाबोटानं उघडली आहे आणि तो पंजा ते बॉयलरकडे नेताहेत. घाई नाही, राग नाही.

"आप्पा! अहो, काय करताय?"

"मध्ये पडू नकोस, सूनबाई. एकदा कळलं की जन्मात विसरत नाहीत. थोरला एकदाच शिकला. धाकटा तर नुसतं बघून शिकला."

चादर कुठे पडली, ती कशी धावली, काही कळलं नाही. पोरीचा पंजा आणि पितळ यांच्यामध्ये तिनं आपला हात घातला. चर्र आवाज झाला. आपल्याच कातडीचा वास तिच्या नाकात गेला. आप्पांनी तरी मनगट सोडलं नाही, तिच्या हातासकट खाली दाबत राहिले. तिनं त्यांच्या दंडाला दात लावले आणि तोंडात खारट लागेपर्यंत सोडलं नाही. पकड सुटली. त्यांनी दुसऱ्या हातानं तिचे केस धरून तिला वाफ्यात आपटलं. गुलाबाचे काटे गालात घुसले.

"गुंडी, पळ!"

गुंडी पळाली ती सरळ फाटकातून आत येणाऱ्या भावजींच्या पायांवर आदळली. त्यांनी भावजयीचा गाल पाहिला, हात पाहिला, इंजिन पाहिलं. हातातला डबा खाली पडला. दुसऱ्या क्षणी आप्पा लिंबाच्या बुंध्याला चिकटले होते, त्यांची मान भावजींच्या मुठीत. एक ठोसा नाकावर, दुसरा तोंडावर. सदऱ्यावर रक्ताचा ओघळ आला. तिसऱ्यांदा हात मागे गेला तेव्हा त्यात फावडं होतं.

"भावजी, पुरे!" ती ओरडली. "गुंडी बघतेय!"

फावडं वरच राहिलं. म्हातारा त्याखाली डोळे मिटून उभा. भावजींची छाती भात्यासारखी चालली होती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "मग इंजिन तरी?"

"इंजिन फोडा," ती म्हणाली.

त्यांनी फोडलं. पहिल्या घावाला वाफेची किंकाळी फुटली, गरम पाणी उडालं. मग पूल, रूळ, बोगदा. एकेका घावाला आप्पा कळवळत होते. पोरीच्या हातासाठी न आलेलं पाणी आता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं.

फावडं टाकून भावजी आले आणि तिचा हात नळाखाली धरून उभे राहिले. त्यांचा तो गुलाबी डागाचा तळवा तिच्या तळव्याखाली होता.

"हात काढायचा नाही. कितीही झोंबलं तरी. मला कुणी धरलं नव्हतं नळाखाली."

गुंडी आधी त्यांच्या पायाला बिलगली, मग पँट धरून कडेवर चढायला लागली. आज तिनं पोरीला मागे ओढलं नाही.

चांगल्या हातानं तिनं नवऱ्याला फोन लावला.

"मी गुंडीला घेऊन निघालेय. भावजींकडे."

"दादाकडे? का? काय झालं?"

"तुला गवताची ॲलर्जी नाहीये ना?"

 पलीकडून तो लहान मुलासारखा हुंदका देऊन विचारू लागला, "तिचा हात? तिचा हात कसा आहे?"

"तिचा बरा आहे," ती म्हणाली. "तू ये. पण या घरात नाही."

आणि गुंडीची चप्पल शोधायला ती वाकली.