नुसतं पाणी

हेर माउरर यांनी जुनी चादर उलगडली आणि आतला एक वाकडा पत्रा उचलून उल्काच्या तळहातावर ठेवला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच हलका निघाला. एका कडेला काळ्या रंगाचा पापुद्रा अजून चिकटून होता. तिने तो नखाने खरवडला आणि चटकन हात मागे घेतला.

"हा पंखाचा," माउरर इंग्रजीत म्हणाले. "हे इंजिनाचं. आणि हे काय आहे ते आम्हालाही अजून समजलेलं नाही."

ते शाळेतून निवृत्त झाले होते आणि गावातल्या दोघातिघांना घेऊन दुसऱ्या महायुद्धात पडलेली विमानं शेतांमधून शोधत असत. गॅरेजमध्ये मोटार ठेवायला जागा उरली नव्हती. या विमानाचा नंबर सापडल्यावर त्यांनी इंग्लंडमधल्या माजी वैमानिकांच्या मंडळाला विचारलं, आणि मंडळाने पुण्याचा पत्ता दिला. त्यांची ईमेल आली तेव्हा उल्काच्या आईला जाऊन दोन महिने झाले होते.

"त्या रात्री स्टुटगार्टवर बॉम्ब टाकायला निघालेलं इंग्रजांचं विमान. सात माणसं," माउरर म्हणाले. "सहा जण विमानातच सापडले, त्यांच्या कबरी आहेत. सातवे म्हणजे नॅव्हिगेटर, तुमचे वडील. ते विमानात नव्हते."

"नव्हते म्हणजे?"

"उडी मारली असणार. पॅराशूटची कडी आम्हाला बरीच लांब मिळाली, गावातल्या फ्राऊ हाउग यांच्या बागेत. पण विमान हवेतच फुटलं असेल, तर कडी तशीही लांब जाते." त्यांनी खांदे उडवले. "फ्राऊ हाउग म्हणतात, त्यांनी त्या माणसाला पाहिलं होतं. इतकी वर्षं कधी बोलल्या नाहीत. तुम्ही येणार कळल्यावर तयार झाल्या."

उल्काने पत्रा चादरीवर परत ठेवला. त्या युद्धावरची पुस्तकं तिने आयुष्यभर वाचली होती. विमानात नॅव्हिगेटर कुठे बसतो, उडी मारायची झाली तर त्याला कुठल्या दाराकडे जावं लागतं, हे तिला पाठ होतं. ती जन्मली तेव्हा वडील विलायतेत, इंग्रजांच्या हवाई दलात होते. त्यांचा आवाज कसा होता हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

"चल आत्या," यशोधन म्हणाला. "आल्झो... म्हणजे, आधीच सांगून ठेवतो. या आजी श्वेबिश बोलतात, इकडची बोली. माझं ऑफिसातलं जर्मन इथे चालत नाही. मला अर्धंच कळेल."

"तुझं अर्धं पुरे. मला तेवढंही कळणार नाही."

यशोधन तिच्या चुलतभावाचा मुलगा, इथून जवळच गेर्लिंगेनला इंजिनिअर. उल्काला भाऊ नव्हता, म्हणून तिच्या आईचे दिवस करायला तोच सुट्टी काढून पुण्याला आला होता. बाराव्या दिवशी पिंड मांडल्यावर गुरुजींनी त्याला विचारलं होतं, "आजींचा पिंड कुणाच्यात मिळवायचा? आजोबा गेलेले असतील तर त्यांच्यात. हयात असतील तर सासूबाईंच्यात." यशोधनने उल्काकडे पाहिलं, उल्काने दाराकडे. आईला बायकांनी हिरवं पातळ नेसवून, मळवट भरून, ओटी भरून पाठवलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "सासूबाईंच्यात." गुरुजींनी पिंड मिळवला, पण उठताना हळूच म्हणाले, "वर्षश्राद्धापर्यंत एकदा नक्की करा, ताई. आजोबांचं नाव घ्यायचं की नाही?"

हे नक्की करायचा प्रयत्न घरात पूर्वी एकदा झाला होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. उल्काच्या आजोबांनी, वडिलांच्या वडिलांनी, दिवस ठरवला, पानं मागवली. आई तेव्हा ऐन तिशीत होती. सकाळी लवकर उठून तिने त्या पानांच्या पत्रावळी लावल्या आणि विधीसाठी जमलेल्या सगळ्यांना त्यांवर जेवायला वाढलं. कुंकवाचं बोट तिने त्यानंतरही एक दिवस चुकवलं नाही. कुणी विचारलं तर "येतील" एवढंच म्हणायची.

बाग उतारावर होती. सफरचंदाची आणि नासपतीची झाडं फुलांनी पांढरी झाली होती आणि खालून कुठूनतरी एस-बानची लोकल गेल्याचा आवाज येत होता. फाटकाशी माउररनी त्यांना थांबवलं.

"इथे आम्ही सगळीकडे धातू शोधायचं मशीन फिरवलं. फक्त तो कुंपणाजवळचा कोपरा सोडून. तिथे त्यांचा कुत्रा पुरलेला आहे. तिकडे पाऊल टाकलं तर काठी उगारतात, माझ्यावरसुद्धा."

कुंपणाच्या झुडपांखाली पिवळ्या बुटक्या फुलांचा एक लहानसा वाफा होता. गवत नेमाने कापलेलं.

"कुत्र्याचे लाड आहेत," यशोधन मराठीत पुटपुटला.

फ्राऊ हाउग नासपतीच्या झाडाखाली लाकडी बाकावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कमरेला निळा ॲप्रन. त्यांनी हात पुढे केला नाही. उल्काच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या की तिने पदर सारखा केला.

मग त्या सांगू लागल्या. यशोधन एकेक वाक्य मराठीत आणत होता, अडला की माउरर इंग्रजीत पुरवणी जोडत होते.

"तो इथे बसला होता म्हणतात. या झाडाला टेकून. सकाळी... नाही, अंधारच होता अजून. त्यांना कळेना हा कोण. इंग्रज तर दिसत नव्हता. पाय असा वाकडा झाला होता. त्याने पाण्याची खूण केली. यांनी दुधाच्या डब्यातून पाणी आणलं."

फ्राऊ हाउग मध्येच उठल्या. मान मागे टाकून त्यांनी नसलेला डबा ओठांपासून वर धरला आणि वाकडा केला. घशाची हालचालसुद्धा करून दाखवली. मग माउररकडे वळून काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, असं पाणी पिताना त्यांनी पुन्हा कधीच कुणाला पाहिलं नाही," माउरर म्हणाले.

उल्का बाकाची कड धरून बसली. आईच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्याला तोंड लावलेलं चालत नसे. पाय मोडलेला, परक्या मुलखात आकाशातून पडलेला माणूस, आणि तोंड न लावता प्यायला.

"तेच होते," ती म्हणाली. "पुढे विचार."

"मग माणसं आली म्हणे."

"कुठली माणसं?"

यशोधनने विचारलं. फ्राऊ हाउगनी ॲप्रनची कड मुठीत घेतली. मग त्यांनी वरच्या जंगलाकडे बोट केलं. बोट जंगलाकडे होतं, डोळे आपल्या बुटांवर.

"तो निघून गेला म्हणतात. चालत. जंगलाकडे."

"त्या पायाने?"

"मीही तेच विचारलं. पुन्हा म्हणतात, चालत गेला." यशोधन माउररकडे वळला. तेही गोंधळून भुवया चढवून उभे होते.

"जाताना जिवंत होते? नीट विचार, यशोधन."

"या, या," फ्राऊ हाउग यशोधनचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाल्या. हो, हो.

उल्काला आनंद व्हायला हवा होता की काय, तेही तिला समजेना. आईचं खरं ठरलं होतं. मळवट खरा, ओटी खरी. पण जंगलाकडे चालत गेलेला माणूस घरी का आला नाही, हे आईने कधी विचारलं नव्हतं. विमानात जळून गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं एक होतं. चालत गेलेल्याची दुसरं. तिला क्षणभर वाटलं, ती ईमेल आलीच नसती तर बरं झालं असतं.

यशोधन तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याने जाकिटाच्या खिशातून एक लहान डबी काढली. "काळे तीळ आहेत. तुर्की दुकानातून आणले. आत्या, काहीही झालेलं असो, आज ते नव्वदीचे असते. तारीख माहीत नसली तरी चालतं, गुरुजीच म्हणाले होते. आलोच आहोत तर पाणी घालून टाकू. माझ्याच गोत्रातले आहेत."

"घालून टाकू," ती म्हणाली. "तुझ्या पणजोबांनीही असंच म्हटलं होतं."

"मी तसं नाही म्हटलं."

"माहितेय रे." तिने डबी हातात घेतली, उघडली, आणि तशीच मिटून बाकावर ठेवली. तिळाचं पाणी गेलेल्यांना देतात. नुसतं पाणी कुणालाही देता येतं. "तीळ राहू देत. इथे ते पाणी प्यायले ना? तेवढंच."

तिने पिशवीतली बाटली काढली आणि नासपतीच्या बुंध्याशी थोडं थोडं पाणी ओतलं. माती कोरडी होती. पाणी आधी थांबलं, मग एकदम आत गेलं. वर पाकळ्या पडल्या त्या तशाच भिजून चिकटल्या.

फ्राऊ हाउगनी माउररना काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, तुम्ही काय करताय?"

"सांगा, वडिलांना पाणी देतेय," उल्का म्हणाली. "त्यांना इथे तहान लागली होती."

माउररनी सांगितलं. म्हाताऱ्या बाई झाडाच्या बुंध्याकडे, त्या ओल्या डागाकडे पाहत राहिल्या. त्यांची हनुवटी हलू लागली.

"नॉय," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "नॉय, नॉय."

"काय झालं? चुकलं का काही?" उल्काने विचारलं.

"नाही, नाही म्हणतात," यशोधन म्हणाला. का, ते त्यालाही कळलं नव्हतं.

फ्राऊ हाउग अवजारांच्या खोपटाकडे गेल्या. तिथे एक हिरवी झारी टांगलेली होती, इथल्या दफनभूमीत नळापाशी असतात तशी. त्यांनी ती पिंपात बुडवून भरली. यशोधन मदतीला धावला तर त्यांनी त्याला कोपराने बाजूला केलं. झारी दोन्ही हातांनी धरून, पाणी पायांवर सांडत, त्या नासपतीच्या झाडापासून पुढे गेल्या, जंगलाच्या उलट दिशेने, उतारावरून खाली, कुंपणापर्यंत. पिवळ्या फुलांच्या वाफ्यापाशी थांबल्या. झारी खाली ठेवली. आणि वळून उल्काची वाट पाहत उभ्या राहिल्या.

माउररनी डोक्यावरची टोपी काढली.

उल्का उतार उतरून गेली. वाफ्याभोवती नदीतले गोल दगड लावलेले होते, काही जुने, शेवाळलेले, काही अलीकडचे. फ्राऊ हाउग वाकल्या, एक सुकलेलं पान काढून त्यांनी ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि झारीचा दांडा उल्काच्या दिशेने फिरवला. त्या वर पाहत नव्हत्या.

"आत्या," यशोधन मागून आला. "विचारू का त्यांना, नक्की काय—"

"नको."

तिने पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. गवत गार होतं. मग उजवा हात न पाहताच मागे केला, तळवा वर.

"डबी बाकावर राहिली," ती म्हणाली. "तीळ आण."