रक्त गाळणारी गाडी

सोसायटीच्या पटांगणात पांढरी चादर अंथरली होती आणि ती बघायला सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दुर्बीण आणली होती. एरवी पाण्याच्या मीटिंगला कोरम जमत नाही, पण भुताला जमला.

कार्यक्रम सोपा होता. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी न्यायची, परत आणून चादरीवर उभी करायची आणि वाट बघायची. आधी मयताच्या बायकोने आणली. चादर कोरी. मग सेक्रेटरींनी आणली. चादर कोरी. शेवटी मयताच्या धाकट्या भावाने आणली.

इंजिन बंद झालं. तापलेल्या लोखंडाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग टप्प. काळपट तांबूस थेंब चादरीवर पडला आणि सावकाश पसरला. त्याच्या शेजारी दुसरा.

"ओळखला तिने," इंजिनबाबा हलक्या आवाजात म्हणाला. "धन्याचा वैरी ओळखला."

खुर्चीत बसलेल्या मयताच्या आईने पदर तोंडावर घेतला. धाकटा किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. ती कुणाला द्यायची, हे त्याला कळेना.

इंजिनबाबा वाहनांच्या आत्म्यांशी बोलत असे. अंगात पांढरीशुभ्र डांगरी, गळ्यात जुन्या स्पार्क प्लगांची माळ. "सहा सिलिंडर म्हणजे षड्रिपू," तो बाल्कन्यांना समजावत होता. "तेल म्हणजे रक्ताचं नातं. आणि सायलेन्सर म्हणजे मौन. चढावर तो आवाज ऐकलात ना? ते यंत्र नाही. तो मोठा भाऊ आहे. आक्रोश करतोय." त्याच्या आश्रमात अशा झपाटलेल्या बऱ्याच गाड्या शांतीसाठी आणून ठेवल्या होत्या. त्यांत स्वस्तातली एकही नव्हती. स्वस्त गाड्यांना आत्मा परवडत नसावा.

"रविवारी मी गाडी न्यायला येईन," तो म्हणाला. "आणि त्याआधी यानं घर सोडायचं. पुन्हा या उंबऱ्यात दिसता कामा नये."

हे सगळं विधवेची थोरली बहीण जिन्यात उभी राहून बघत होती. ती भूलतज्ज्ञ होती. मेहुणा गेल्यापासून बहिणीजवळ राहायला आली होती. सोसायटी तिला ताई म्हणायची.

"आता भूल देणारे दोघं झालो," दोन दिवसांनी ती बहिणीला म्हणाली. "मी निदान माणसाला परत जागं करते."

"ताई, थट्टा नको. तू तेव्हा नव्हतीस."

ते खरं होतं. त्या दिवशी सकाळी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, याच गाडीवरून. दुपारी थोरल्याच्या छातीत कळ आली, तेव्हा घरात धाकटाच होता. त्याने भावाला गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. सासू-सून मागून रिक्षाने पोचल्या तोवर सगळं संपलं होतं. पोर्चमध्ये गाडी उभी होती, दारं सताड उघडी, आणि खाली फरशीवर मोठा काळातांबडा डाग. आई त्या डागाशीच खाली बसली. तेव्हापासून तो डाग कुणाच्या डोक्यातून गेला नाही. याने वेळ काढला असेल का? वाटेत थांबला असेल का? तोंडावर कुणीच विचारलं नाही. धाकटा दुकानातून यायचा, आपल्या खोलीत जायचा. परवापासून तिथे बॅग भरण्याचे आवाज येत होते.

"तोंडातून अवाक्षर काढत नाही," बहीण म्हणाली. "काही नसतं तर बोलला नसता?"

ताईचं डोकं भणभणलं. तिने किल्ली उचलली आणि गाडी बाहेर काढली. चढ लागल्यावर बाबावरचा राग तिने पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर काढला.

आवाज आला. आधी कानाशी डास गुणगुणावा तसा, मग ओठ घट्ट मिटून कुणीतरी रडत असल्यासारखा, चढत चढत अगदी जवळ. समोरच्या काचेपलीकडून. मेहुण्याचा चष्मा अजून डॅशबोर्डवरच होता, तो थरथरायला लागला. ताईने पाय काढला. आवाज गप्प. टाकीच्या भिंतीशी गाडी थांबवून ती उतरली आणि खाली वाकली.

टप्प.

ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं माणसांचे श्वास मोजणारी बाई, पण तिथून तिला पळून जावंसं वाटलं. मग हळूहळू दुसरा विचार सुचला. माझं तर मेहुण्याशी कधी वाजलंही नव्हतं. तो गेला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मग हा माझ्या नावाने का रडतोय? धाकट्याने केलं आणि मीही केलं, असं काय आहे?

परत आल्यावर तिने बहिणीला आणि धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"परीक्षेच्या दिवशी बाबा गाडीत शेजारी बसला होता ना? काय म्हणत होता?"

"हळू चालव म्हणाला," बहीण म्हणाली. "फुलासारखी. आत्म्याला धक्का बसेल म्हणाला."

"आणि तुला?"

धाकटा जमिनीकडे बघत होता. "पळव म्हणाला. चढावर पूर्ण दाब, दादा मागे लागलाय म्हणाला."

दुसऱ्या दिवशी ताई गाडी घेऊन गॅरेजात गेली. मिस्त्री बारीक अंगाचा, सदा वैतागलेला.

"आधी इंजिन पुसू द्या," तो म्हणाला. "सगळं बरबटलंय. या चिखलात गळती कुठली आणि जुनी घाण कुठली, ते देवालाही नाही कळणार."

"देवाला नकोच विचारायला. एकजण विचारतोय तेवढं पुरे."

इंजिन धुऊन झाल्यावर त्याने तेलात एक रंग ओतला, जांभळ्या दिव्याखाली चमकणारा. मग दोघांनी गाडी आधी रमतगमत फिरवून आणली. शटर ओढून, काळोखात दिवा धरला. काही नाही. दुसऱ्या वेळी दाबून फिरवली. पुन्हा काळोख, पुन्हा दिवा. इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेने एक हिरवी रेघ पेटली आणि तिच्या डोळ्यांदेखत, जिवंत असल्यासारखी, खाली उतरायला लागली.

"हं," मिस्त्री जांभई देत म्हणाला. "झडप गेलीय."

"आणि तो आवाज?"

"सुपरचार्जर. पट्ट्यावर फिरणारा पंपच तो, इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. दाबलं की शिटी घालतो. बंद झाला तर काळजी करा."

त्याने एक छोटी नळकांडी काढून तिच्या हातावर ठेवली. ताईला ती ओळखीची वाटली. तिच्या भूल देण्याच्या मशीनवर अशीच एकेरी झडप असते. रुग्णाने सोडलेली हवा परत त्याच्याच छातीत जाऊ नये म्हणून रोज सकाळी ती सर्वांत आधी तपासायची.

"बाबाला हे कसं ठाऊक?"

"आमच्या धंद्यातलाच. आधी हीच गाडी विकायचा, शोरूममध्ये. या मॉडेलचा आजारच आहे हा. विकणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतो, घेणाऱ्याला शेवटच्या."

झडप तिने पुन्हा बसवून घेतली, तीच, बिघडलेली.

रविवारी इंजिनबाबा आला तो गाडी ओढून न्यायचा ट्रक घेऊनच. आत्म्याचं काम असलं तरी हूक लोखंडी होता. धाकटा बॅग घेऊन जिन्याशी उभा. बाल्कन्या पुन्हा भरलेल्या.

"एकदा मी चालवते," ताई म्हणाली.

"तुम्ही नास्तिक. तुमच्यावर ती रागावेल."

"मग ही चालवेल." तिने बहिणीच्या हातात किल्ली दिली. "हिच्यावर तर नाही ना रागावणार? हिचा नवराच आहे म्हणता आत."

बाबा माळेशी चाळा करत राहिला. बाल्कनीतून आजोबा ओरडले, "जाऊ द्या की हो! आम्ही थांबतो."

चढ लागला. "दाब," ताई म्हणाली. बहिणीने दाबलं. आवाज चढला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, तो ओरडतोय."

"पाय काढ."

आवाज थांबला.

"आता दाब."

आवाज आला. काढ, गेला. दाब, आला. नंतर सांगावं लागलं नाही. बहीण आपणहूनच दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावरून थोडं थोडं काहीतरी उतरत होतं. टाकीशी पोचल्यावर ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

"नाहीये तो इथे," ती म्हणाली.

"नाहीये," ताई म्हणाली. एवढं कठीण वाक्य तिने कुठल्या नातेवाइकालाही कधी सांगितलं नव्हतं.

गाडी चादरीवर आली. टप्प. बाल्कन्यांतून एक हुंकार उठला. टप्प. टप्प.

"बघा," ताई मोठ्याने म्हणाली, "आता हीपण वैरीण. टाकीशी माझ्यासमोरही गळली होती, म्हणजे मीपण. बाबा, बसता का तुम्ही? दाबून चालवा. बघू तुमचं काय निघतंय."

इंजिनबाबाला एकाएकी दुसऱ्या एका व्याकूळ गाडीची आठवण झाली. आत्म्याच्या नेण्या-आणण्याचं भाडं कोण देणार, हे विचारत ट्रकवाला त्याच्या मागे मागे गेला.

मिस्त्रीने दाखवलं होतं तशी ताईने झडप काढली, पुसली आणि आईच्या हातात दिली. "फुंका."

आईने फुंकली. हवा पलीकडे गेली.

"आता उलटी धरून फुंका."

आईने फुंकली. हवा तशीच गेली.

"जायला नको होती. हळू चालवलं की इंजिन या वाटेने नुसता श्वास घेतं. दाबलं की कोंबलेली हवा उलटी घुसते. तेव्हा ही मिटायला हवी. ही मिटत नाही, मग ती हवा इंजिनच्या पोटात शिरते आणि सांध्यांतून तेल बाहेर ढकलते. एवढंच आहे. जोरात चालवलं तर गळते, सावकाश चालवलं तर एक थेंब नाही."

आई हातातल्या नळीकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"म्हणजे त्या दिवशी... हॉस्पिटलात..."

"केवढा डाग होता, तुम्हीच बघितलात. घरापासून पोर्चपर्यंत त्याने दाबलेला पाय उचललेला नाही."

आजोबांनी दुर्बीण खाली ठेवली.

"मेलेल्यांचा निरोप गाडी आणत नाही," ताई म्हणाली, बाल्कन्यांना की बहिणीला, ते तिलाही सांगता आलं नसतं. "भिंत आणत नाही, बाबा आणत नाही. शेवटच्या घटकेला जवळ जो असतो, त्याला विचारायचं असतं. तो तर शेजारच्याच खोलीत होता. एकानेही विचारलं नाही. चादर तेवढी अंथरलीत."

बहीण दिराजवळ गेली. त्याच्या हातातली बॅग तिने काढून घेतली आणि पायरीवर ठेवली.

"भावजी, वाटेत काही बोलला का तो?"

धाकटा बॅगेशेजारी पायरीवर बसला.

"हळू चालव म्हणाला. इंजिन बसेल म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, बसू दे."

"मग?"

"हसला," धाकटा म्हणाला.