दिवेलागणीला न घ्यायचं नाव

मुलगा आणि सून मुंबईला निघाले तेव्हा यज्ञेशने गाडीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "आई, तुला जमेल ना?" सुहासिनीबाई ठसक्यात म्हणाल्या, "न जमायला काय झालं? वर्षभर शिकतेय मी." गाडी वळली. आता रात्रीपर्यंत पेणच्या या घरात त्या आणि पाच वर्षांची नात अनन्या, दोघीच. अनन्या फ्रान्समध्ये जन्मली, तिथेच वाढली, आणि मराठीतला एकच शब्द तिला यायचा, तो म्हणजे 'आजी'.

बाईंचं फ्रेंच म्हणजे सगळा चोरट्या वेळेचा कारभार. रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचं, वर सहलीपासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळी लोढणी यांच्याच गळ्यात. त्यामुळे धडा व्हायचा रेल्वेगाडीत, कासू आणि निडी स्थानकांच्या दरम्यान. उजळणी स्वयंपाक करता करता. आणि उच्चार न्हाणीघरात, कोणी ऐकू नये म्हणून. फळं, रंग, प्राणी, नातीगोती, झालं. पोर भरभर बोलायला लागली की यातलं काही कामी यायचं नाही. भरल्या वर्गाला कधी न घाबरलेली बाई या एवढ्याशा पोरीला घाबरत होती, हे खरं.

दिवेलागणीला त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, तोच कुंपणापलीकडून शेजारच्या विमलबाईंची हाक आली. एरवी या बाईंचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. आज मात्र दबका होता.

"सुहास गो, तुझ्या मागच्या लाकडांत जनावर शिरलाय. मी डोल्यांनी बघितलाय. रघूला फोन केलाय, तो येतोय पकडायला. पोरीला मागं जाऊ देऊ नको."

"मोठं आहे?"

"मोठा हाय. अंगावर साखली हाय गो."

साखळीची नक्षी, म्हणजे घोणस. जनावर म्हणजे काय, हे इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवे लागल्यावर सापाचं नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो, असं सासूबाई सांगायच्या. सुहासिनीबाई फळ्यावर त्याचं चित्र काढत, विषदंत दाखवत, नाव दहादा घेत. पण ते दिवसा, शाळेत. तिन्हीसांजेला घरात त्यांनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

फ्रेंच शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. आपल्या सर्पाच्या इतका जवळचा, की विसरायची सोयच नाही. त्या अनन्यापुढे बसल्या, शब्द ओठांपर्यंत आला, समोर निरांजन जळत होतं, आणि बाईंनी तो गिळला.

"आनिमाल," मागच्या दाराकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "ग्रां आनिमाल. पा टूशे!" प्राणी आहे, मोठा आहे, हात लावायचा नाही.

अनन्याचे डोळे लकाकले. तिने घाईघाईने काहीतरी विचारलं. बाईंना ओ की ठो कळलं नाही. न समजता माना डोलावणाऱ्या पोरांना त्या वर्गात फैलावर घेत, पण आज त्यांनीच मान डोलावली. "वी, वी." हो, हो.

रघूसाठी पुढच्या फाटकाचं कुलूप काढून त्या परत आल्या तर अनन्या जागेवर नव्हती. मागचं दार उघडं होतं. ओट्यावर तिच्यासाठी काढून ठेवलेली दुधाची वाटीही दिसत नव्हती.

 बाई मागच्या पायरीपर्यंत धावल्या आणि थिजल्या. अनन्या लाकडांपाशी उकिडवी बसली होती. पुढे वाटी ठेवून लाडाने हाका मारत होती, "व्हियाँ, व्हियाँ." ये, ये. आतून कुकरची वाफ सुटावी तसा फूत्कार येत होता. पोर हसली आणि तिने हात पुढे केला.

धावलं तर ते बिथरेल. मराठीत ओरडलं तर पोर नुसती वळून बघेल, हात तिथेच राहील. देवा, हे काय केलं मी!

"सेर्पां!" बाई किंचाळल्या. "अनन्या, सेर्पां! सेर्पां!"

पोरीने हात ओढला आणि ती मागे कोसळली. त्याच वेळी लाकडांतून काहीतरी झपकन आलं, वाटीवर आदळलं आणि परत आत गेलं. बाईंनी तिला बखोटीला धरून पायरीवर ओढलं. तिच्या दंडावर रक्त होतं. 

"विमलबाई! पोरीला चावलं हो!"

विमलबाई बॅटरी घेऊन धावत आल्या. पदराने दंड पुसून त्यांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"दात नाय गो. सालपटानं खरचटलाय. बघ, तूच बघ."

लाकडाच्या सालीचा लांब ओरखडा होता. बाईंनी पाहिला, पुन्हा पाहिला, हात, पाय, बोटांच्या बेचक्या, सगळं पाहिलं. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. 

अनन्या हुंदके देत होती. तिला पोटाशी धरायला बाईंनी हात पसरले, तशी ती विमलबाईंच्या लुगड्यात शिरली. तिथूनच आजीकडे बघत ती बोलली, हळू, एकेक शब्द सुटा करून, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तशी.

"आजी, त्यु आ दी आनिमाल."

तू प्राणी म्हणालीस. बाईंना एकही शब्द अडला नाही.

"काय म्हनतेय गो पोर?" विमलबाईंनी विचारलं.

बाईंना ते मराठीत सांगवेना.