रक्त जुळत नाही

देवळाच्या सभामंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. दार आतून लावलेलं आणि दाराला पाठ टेकून बायका बसलेल्या. मधोमध रुधिरनाथ महाराज, पुढ्यात पांढरी फरशी, शेजारी थर्मास. थर्मासात तीर्थ. कैलासावरचं म्हणून त्याला बर्फ लागतो म्हणे!

मी रहिमान. फौजेच्या दवाखान्यात बावीस वर्षं रक्त तपासून कोयनानगरजवळच्या या गावात परतलेला हवालदार. समोर माझी शेजारीण श्रद्धा, सात वर्षांच्या ईश्वरीला मांडीवर घेऊन बसली होती. श्रद्धाला घरात ठेवायचं की हाकलायचं, हे आज ठरणार होतं.

झालं होतं एवढंच. घाटात गाडीवरून पडून ईश्वरीचं फार रक्त गेलं. साताऱ्यात डॉक्टर म्हणाले, "बापाचं रक्त हिला जुळत नाही, दुसरं आणा." रक्तपेढीतून आणलं, पोर वाचली. पण श्रद्धाच्या सासूनं, दगडाबाईनं, डॉक्टरांचे तेवढेच शब्द गावात आणले आणि महिन्याभरात गावानं त्यांचा अर्थ लावून टाकला: पोर बापाची नाही. श्रद्धा रक्ताच्या परीक्षेला नाही म्हणाली असती तर खोटी, हो म्हणाली तर महाराजाच्या हातात. माहेरी जावं तर भावाचा निरोप, निकाल लागल्यावर ये.

महाराजानं तिच्या नवऱ्याचं, जोतीरामचं, बोट टोचलं. दोन थेंब फरशीवर. "हे नीळकंठाचं तीर्थ! हे खंडोबाच्या भंडाऱ्याचं तीर्थ!" एका थेंबावर निळं पडलं, दुसऱ्यावर पिवळं. निळ्यातलं रक्त दूध फाटावं तसं फाटलं. मग ईश्वरीचे दोन थेंब. ते दोन्हीत गुळगुळीत राहिले.

"बापाचं रक्त बोललं, पोरीचं मुकं!" महाराज गरजला. "परकं बीज!"

जोतीरामनं मान खाली घातली. श्रद्धानं दाराकडं पाहिलं. एकही बाई हलली नाही. माझं डोकं फिरलं.

"महाराज, आता आईचं बघा."

"बाईमाणसाच्या रक्ताला तीर्थ चालत नाही."

"मग पोरगी काय बाप्या हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. श्रद्धानं बांगडीतली पिन काढली आणि स्वतःच बोट टोचून घेतलं. थर्मासातल्या तीर्थाच्या बाटल्या उचलून मीच तिच्या दोन थेंबांवर निळं-पिवळं टाकलं. निळ्यात तिचं रक्त गुळगुळीत राहिलं, पिवळ्यात फाटलं.

"आईचं बी बोललं. म्हंजे ही पोर आईची पण न्हाई? दगडाबाई, बाळंतपणाला तुमीच हुता न्हवं?"

"आवं, म्या सोताच्या हातानं घेतली हिला," म्हातारी पुटपुटली.

"मग बदलली कवा?"

महाराज थर्मास आवरू लागला. मी बाटल्या वर धरल्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या खरवडलेल्या होत्या.

"ह्या रक्तगट तपासायच्या बाटल्या हायत. निळी ए गट वळखती, पिवळी बी गट. जोतीराम ए, श्रद्धा बी आन् पोर ओ. आईबापात ओ लपलेला असला की असं पोर व्हतं, त्यात नवल न्हाई. पर ओ रक्तात ए आन् बी दोघांचेबी वैरी असत्यात. परकी खूण दिसली की तिच्यावर तुटून पडत्यात. बापाचं रक्त चढवलं असतं तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं. आईचं चढवलं असतं तरी तसंच. डॉक्टर 'जुळत न्हाई' म्हनले ते चढवण्यापुरतं. नात्याचं न्हवं!"

वाचकहो, आपण पत्रिका जुळवतो, सोयरीक जुळवतो आणि दवाखान्यात तोच शब्द कानावर पडला की तोच अर्थ लावून मोकळे होतो. डॉक्टरचं वाक्य कळलं नाही तर ते डॉक्टरलाच विचारावं. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणावं, हेच आणखी एकावर करून दाखव.

जोतीराम पुढं आला. "चल, घरला जाऊ."

श्रद्धा उठली नाही. "बाटलीनं सांगितलं तवा मी खरी? महिनाभर मी सांगतच हुते की!"

जोतीराम तिच्यासमोर खाली बसला. मी बाटल्या फरशीवर ठेवल्या. महिनाभर मीही शेजारीच राहत होतो, आणि सगळं कानांवर येत होतं.