सातवं तळं

पर्यटन कचेरीत माहितीपत्रकं लिहिणाऱ्या मुलीकडे चार वर्षांत आलेली ही पहिलीच तक्रार. पत्रक कोणी वाचतं, हेच तिला त्या दिवशी कळलं. गणिताच्या एका निवृत्त सरांनी कळवलं होतं की गावामागच्या डोंगराबद्दल पत्रकात तीन विधानं आहेत. वाट सोपी आहे, हे खरं. पाऊण तासात माथा गाठता येतो, हेही खरं. वरून सात तळी दिसतात, हे मात्र खोटं. आपण एकोणीस सकाळी मोजली, सहा भरतात. सबब हे लिहिणारा इसम डोंगरावर कधी गेलेलाच नाही.

तो इसम म्हणजे तिचे बाबा. त्याच टेबलावर तीस वर्षं बसून ते निवृत्त झाले होते.

साहेबांचं म्हणणं, सातचे सहा करून टाक, नवी आवृत्ती उद्या दुपारी छापायला जायचीय. पण लहानपणी प्रत्येक शाळेत, प्रत्येक बाईंना तिने ‘माझ्या बाबांनी सात तळी पाहिलीत’ असं छाती फुगवून सांगितलेलं. आता सहा कसे लिहायचे? जेवताना तिने बाबांना सरळ विचारलं. बाबांनी काकडी वाढून घेतली आणि म्हणाले, मोजणाऱ्यावर असतं. मग आणखी काकडी वाढून घेतली. एरवी ते काकडीला हात लावत नसत.

सकाळी साडेसहाला ती पायथ्याशी पोचली तर सर विसाव्या मोजणीसाठी हजर. गळ्यात दुर्बीण, हातात वही. डोंगर इतका सोपा की दम लागायला निमित्तच मिळेना. एक आजी स्वेटर विणत विणत त्यांच्या पुढे निघून गेल्या. पत्रक आपल्या बाबांनी लिहिलंय हे तिने सांगितल्यावर सर वाटभर तिला त्यांच्याबद्दल विचारत होते. दुर्बीण होती का, चष्मा होता का, पाढे कितीपर्यंत पाठ होते. बाबांचं नाक कापायला आलेला माणूस इतका आदबीने बोलतो याचं तिला नवल वाटत होतं.

माथ्यावर धुकं विरलं आणि खाली सगळा मुलूख उलगडला. शेतं, कौलं, रेल्वेचा रूळ आणि जिकडेतिकडे चकाकणारं पाणी. दोघांनी मोजलं. सहा. तिने उजवीकडून डावीकडे मोजून पाहिलं, त्यावर सर म्हणाले की मोजणीला दिशा नसते. पुन्हा सहाच.

पण उत्तरेला एक खडक आडवा होता. त्याच्यामागे काय असेल? ती माथ्यावरच्या बाकावर चढली. पुरेना. मग बाकाच्या पाठीवर चढली. सरांनी तिचे घोटे धरले आणि सांगितलं की पडायचंच झालं तर डावीकडे पड, उजवा खांदा माझा दुखरा आहे.

खडकामागे तळं होतं. लहानसं, पण तळंच.

सरांनी बूट काढले. आता घोटे तिच्या हातात. सर वर बराच वेळ होते. दमलात का, असं तिने विचारलं तर म्हणाले, थांब जरा, आठवं शोधतोय.

खाली उतरून त्यांनी वहीतलं एक पान खोडलं. “तुझ्या बाबांची माफी मागतो,” ते म्हणाले. “ते बाकावर चढले असणार. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

तिने तिथूनच फोन लावला. “बाबा, सात आहेत. बाकाच्या पाठीवर उभं राहिलं की सातवं दिसतं.”

“खरंच?” बाबा म्हणाले.

ती फोन कानाला लावूनच सरांपासून दहा पावलं लांब गेली.

“कसं दिसतं गं?” बाबांनी हळूच विचारलं. “आणि चढ फार आहे का?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “उद्या सकाळी जाऊ आपण.”

ती परत आली तेव्हा सर बुटांच्या नाड्या तशाच सोडून तिची वाट बघत होते. काय म्हणाले, त्यांनी विचारलं. माफ केलं म्हणतात, तिने सांगितलं. सरांचा जीव भांड्यात पडला.

साहेबांना तिने निरोप धाडला की सात राहू द्या, फक्त पुढे एक ओळ वाढवा: बाकाच्या पाठीवर उभे राहावे, घोटे धरायला कोणीतरी सोबत आणावे.