तेबाऊची होडी हिरवी झाली

किरिबासच्या आमच्या बेटावर, कचेरीत, होड्या दाखवणारा संगणकाचा एक पडदा आहे. समुद्रावर गेलेली होडी लाल, परत आली की हिरवी. त्याचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला रोतियाने, माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घायकुत्या पोरीने. पडदा नवा सुरू केला त्या संध्याकाळी पहिली होडी किनाऱ्याला लागली आणि सगळ्याच होड्या एकदम हिरव्या झाल्या. बायका खुशीत घरी भात टाकायला गेल्या. त्या हिरव्यांत रोतियाच्या भावाची, तेबाऊचीही होडी होती. ती महिन्याभरापूर्वी गेली ती गेलीच होती.

माझं डोकंच फिरलं. "कितीदा घसा कोरडा केला मी? परत आल्याची यादी क्लासच्या, म्हणजे होड्यांच्या साच्याच्या, सुरुवातीला लिहिलीस, की सगळ्या होड्यांची मिळून ती एकच होते. एकीची नोंद सगळ्यांना चिकटते. ती आत लिहायची, एकेक होडी तयार होते त्या मेथडमध्ये, सेल्फला, म्हणजे त्या त्या होडीला, जोडून!"

"कळलंय सर," रोतिया हळूच म्हणाली. "पण जरा थांबा ना. आई बसलीये."

तिची आई तांगाउआ पडद्यासमोर चटईवर बसली होती. ती किनाऱ्यावर धावत जाऊन आली होती. तेबाऊ दिसला नव्हता, तरी चेहरा फुललेला. "पलीकडच्या बाजूला उतरला असेल," ती मला म्हणाली. "सरळ घरी यायचं माहीतच नाही मेल्याला!" मला तिच्याकडे बघवेना.

पण अजून तीन होड्या खरोखर बाहेर होत्या, अंधार पडत होता, आणि हिरव्या होडीला शोधायला कोण जाणार?

"रोतिया, कर दुरुस्त," मी म्हणालो.

तिने ती एक ओळ उचलून आत नेली, सेल्फ लावला, परतलेल्या होडीची नोंद पुन्हा केली. तेवढी एक हिरवी झाली. बाकी सगळ्या लाल.

तांगाउआ पडद्याजवळ सरकली. मग लेकीला म्हणाली, "बाकीच्यांचं खरं ते दाखव गं. आपली तेवढी हिरवी ठेवता येत नाही का?"

ठेव म्हणावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. कुणाचं काय जाणार होतं?

रोतियाला रडू फुटलं. "येते ठेवता, आई. पण मग तो खरंच आला, तर इथे काहीच बदलणार नाही."

तांगाउआने डोळे पुसले. "मग लालच राहू दे," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायकांना सांगायला बाहेर पडली.